खिशातली अर्धी सांभारवडी

त्या दिवशी माझ्या पॅन्टच्या उजव्या खिशात अर्धी सांभारवडी होती.

एवढं एक वाक्य तोंडातून बाहेर पडायला चार वर्षं लागली. या चार वर्षांत ते मी बायकोला सांगितलं नाही, ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या बाईंना सांगितलं नाही, आणि रिंगणात माझ्यापासून दहा पावलांवर उभ्या असलेल्या परीक्षकांना तर नाहीच नाही. मुळात मी कमी बोलणारा माणूस. एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. सत्तावीस वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवतोय. आत काय आहे ते बाहेर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं असावं, एवढंच माझं काम. आणि स्वतःच्या खिशात काय आहे ते मात्र मी दाबून ठेवलं.

नावं कोणाचीच लिहीत नाही. माणसांची नाहीत म्हटल्यावर कुत्र्यांची तरी कशाला, म्हणून तीही नाहीत.

मी या भानगडीत आलो तो आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या गृहस्थांमुळे. ते इथल्या कुत्रेवाल्यांच्या एका छोट्या क्लबचे सेक्रेटरी. एका रविवारी सकाळी ते फाटकात उभे राहिले.

"भाऊ, काय करून राहिले?"

"काही नाही."

"मंग चला. आमाले एक माणूस पायजे. बडबड न करणारा. बडबड्या माणसाले पाहून कुत्रं बिचकते."

"पण मला कुत्र्यांची भीती वाटते."

"थे तर लय चांगलं! म्हणजे तुमी त्याईच्या मधात जाणारच नाही."

असा मी क्रूमध्ये लागलो. क्रू म्हणजे काय ते सांगतो. कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत असते, तिला अ‍ॅजिलिटी म्हणतात. कुत्र्यानं ठरलेल्या क्रमानं उड्या मारायच्या, बोगद्यातून निघायचं, उभ्या काठ्यांमधून नागमोडी जायचं, सी-सॉवर चढून उतरायचं. मालकानं बाजूनं धावत हातवारे करायचे. कुत्र्याला हात लावायचा नाही आणि खाऊ दाखवायचा नाही. कुत्रं आणि मालक फुकट मिरवतात. खरं काम आम्ही करतो. पडलेली दांडी पुन्हा लावायची, बुटक्या कुत्र्यांनंतर उंच कुत्री आली की सगळ्या दांड्या वर सरकवायच्या, सुरुवातीला सोडलेला पट्टा उचलून शेवटाकडे नेऊन ठेवायचा. मी दांडीवाला होतो. नवव्या उडीचा.

अडथळे सगळे नागपूरचेच. दांड्या प्लंबरच्या पाइपांच्या, बोगदा एका मंडपवाल्याकडून ताडपत्रीचा शिवून घेतलेला. आणि जागा म्हणजे उमरेड रोडवरचं एक लग्नाचं लॉन. पौषात लग्नं नसतात, लॉनं ओस पडलेली असतात, म्हणून आमच्या शर्यती नेमक्या पौषात. मालक लॉन द्यायचा पण सजावट हलवायचा नाही. त्यामुळे प्रत्येक कुत्रं रिंगणात शिरायचं ते ‘शुभविवाह’ लिहिलेल्या कमानीखालून. वेळ घेणाऱ्या ताई स्टेजवर नवरदेवाच्या लाल खुर्चीत बसायच्या आणि गुण लिहिणारे गृहस्थ नवरीच्या. पहिल्या वर्षी मी घरी येऊन बायकोला म्हटलं, "एक लॅब्राडोर कमानीखाली पाय वर करून गेला." ती म्हणाली, "आपल्या लग्नात तुमच्या मामानं काय वेगळं केलं होतं जी?"

परीक्षक फौजेतून निवृत्त झालेले, आयुष्यभर कुत्रीच शिकवलेली. ते दरवर्षी सकाळी क्रूला रांगेत उभं करून तीन गोष्टी सांगायचे. "खंबे के जैसा खडा रहना है. कुत्ते की आँख में देखना नहीं. और जेब खाली. बिस्कुट नहीं, चना नहीं, कुछ नहीं." मग एक बोट वर करून चौथी गोष्ट: "और आप से गलती हो गई तो हाथ ऊपर. बस. कुत्ते को दुबारा मौका मिलेगा. इस में शरम की बात नहीं."

हे चौथं लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

आता बाई. बाई म्हणजे आमच्या मुलीच्या गणिताच्या शिक्षिका, निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी नरखेडच्या बसस्टँडवरून संत्र्याच्या पेटीत घालून एक पिल्लू आणलं होतं. तपकिरी रंगाची गावठी कुत्री, एक कान उभा आणि एक पडलेला. बाईंनी तिला शिकवलं ते मुलांना पाढे शिकवावे तसं: रोज, त्याच वेळी, तेच, न चिडता. क्लबात इतर लोक परदेशी पुड्यांतला खाऊ देऊन कुत्री शिकवायचे. बाईंच्या कुत्रीनं तो हुंगून सोडून दिला. तिला चालायची फक्त सांभारवडी. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात. हिवाळ्यात तो ढिगानं येतो, आणि बेसनाच्या पारीत सांभार, खसखस, खोबरं ठासून भरून तळलेली वडी बाईंच्या हातची खावी. बाई तिचे शेंगदाण्याएवढे तुकडे करायच्या. काम बरोबर झालं की कुत्री समोर येऊन ताठ बसायची, उजवा पंजा बाईंच्या पायावर ठेवायची, आणि तुकडा मिळायचा. मालिश तेलाचं आणि खाणं तेलाचं, अशी चकाकायची ती.

पण क्लबात गावठी कुत्र्यांना खुल्या गटात जागा नव्हती. त्यांच्यासाठी ‘आनंद गट’ होता. त्यात वेळ मोजायचे नाहीत, गुण द्यायचे नाहीत, शेवटी प्रत्येकाला बिस्किटाचा एक पुडा. बाईंना त्या पुड्याचा फार राग. "आनंद मी घरी घेते," त्या म्हणायच्या. "इथं मी परीक्षेला येते. पेपर तपासा."

कमिटीत एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे विलायती कॉली कुत्री. आपण त्यांना कॉलीवाले म्हणू. ते म्हणायचे, "बाई, गावठी कुत्रं हुशार असते, नाही कोण म्हणते? पण त्याचं लक्ष नसते. अर्धं लक्ष खाण्याकडं, अर्धं भांडणाकडं." शेवटी बरीच वादावादी होऊन ठरलं: बाईंच्या कुत्रीला खुल्या गटात एक धाव द्यायची. एकच. बिनचूक आणि पंचावन्न सेकंदांच्या आत पूर्ण केली तर पुढच्या वर्षीपासून खुला गट सगळ्या कुत्र्यांना खुला. नाही केली तर बिस्किटाचा पुडा कायम. बाईंच्या ओळखीची अशी गल्लीतली कुत्री पाळणारी पाचसहा घरं होती, ती सगळी त्या दिवशी कुंपणाला चिकटून उभी होती. कुत्र्यांसकट.

त्या सकाळी मी न जेवता आलो होतो. दहाच्या सुमारास बाईंनी डबा उघडला आणि कागदात गुंडाळून दोन वड्या माझ्या हातावर ठेवल्या.

"घ्या भाऊ. सकाळपासून उन्हात उभे आहात. आमच्या पोरीची नववी उडी तुमच्याकडे आहे, दांडी नीट लावा."

मी कमानीमागे जाऊन एक वडी खाल्ली. दुसरी अर्धी झाली तेवढ्यात सेक्रेटरी ओरडले, "भाऊ! दांड्या वर करा, उंचवाले कुत्रे आले!" आता काय करावं? तोंडात कोंबावी तर गरम. टाकून द्यावी तर बाई समोरच बघतायत. आणि खरं सांगायचं तर बाई बघत नसत्या तरी तशी वडी माझ्यानं टाकवली नसती. मी कागद गुंडाळला आणि अर्धी वडी खिशात घातली. दांड्या वर केल्या. जागेवर जाऊन खांबासारखा उभा राहिलो. आणि खिशाचं, देवाशपथ, विसरून गेलो.

त्याच सकाळी आधी एक गंमत झाली होती. पट्टे उचलणाऱ्या एका ताईंची ओढणी वाऱ्यानं उडाली ती थेट बोगद्याच्या तोंडावर. आत शिरलेला लॅब्राडोर ओढणी पांघरून बाहेर आला आणि नवरीसारखा उभाच राहिला. ताईंनी हसत हसत हात वर केला. परीक्षकांनी मान डोलावली, लॅब्राडोरला पुन्हा धाव मिळाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ताईंसाठी होत्या. इतकं सोपं होतं ते.

मग बाईंचा नंबर आला.

मी अ‍ॅजिलिटीतलं फार जाणत नाही, पण त्या दिवशी ती कुत्री जी निघाली तिच्यासारखं मी काही बघितलेलं नाही. पहिल्या तीन उड्या अशा की दांडी हललीसुद्धा नाही. काठ्यांमधून ती पाण्यासारखी गेली. सी-सॉवर चढली, तो खाली टेकेपर्यंत थांबली, उतरली. कुंपणाला चिकटलेली घरं ओरडत होती, "चाल वं! चाल वं पोरी!" बाई साडीचा पदर खोचून बाजूनं धावत होत्या आणि एकही शब्द बोलत नव्हत्या, नुसता हात. कॉलीवाले तोंड उघडं टाकून बघत होते. सातवा अडथळा. आठवा, बोगदा. बोगद्यातून निघाली की समोर नववी उडी, मग दहावी, मग संपलं. वेळ घेणाऱ्या ताईंच्या घड्याळात एकतीस सेकंद झाले होते, हे मला नंतर कळलं.

बोगद्याच्या या तोंडापासून मी चार पावलांवर. वारा माझ्याकडून तिच्याकडे.

ती बाहेर आली, एक झेप घेतली, आणि हवेतच असल्यासारखी थांबली. उभा कान उभा, पडलेला कानही उभा झाला. मग ती अगदी शिस्तीत, समोरची उडी सोडून, माझ्याकडे चालत आली. समोर ताठ बसली. आणि उजवा पंजा माझ्या बुटावर ठेवला.

तेव्हा मला खिसा आठवला.

"ये गं! इकडे ये!" बाई म्हणाल्या. कुत्री हलली नाही. तिनं धडा बरोबर केला होता. बक्षीस माझ्याकडे होतं. ती ते मागत होती. मी खांब होतो. नजर समोर. हात मागे. मला तेच शिकवलं होतं, आणि त्या शिकवणीचा मी त्या क्षणी जो आधार घेतला तो चोरानं देवळाचा घ्यावा तसा. परीक्षक माझ्याकडे बघत होते. त्यांची नजर विचारत होती हे मला दिसलं. माझा उजवा हात मागून सुटला, कमरेपर्यंत आला, आणि मी त्यानं कान खाजवला.

परीक्षकांनी दोन्ही हात छातीवर फुली मारल्यासारखे धरले. म्हणजे बाद. धाव सोडून माणसापाशी जाऊन बसलेलं कुत्रं बाद.

"सांगितलं होतं ना," कॉलीवाले म्हणाले. वाईट बोलले नाहीत, हळूच बोलले, ते जास्त लागलं. कुंपणावरची घरं कुत्र्यांसकट मागे सरकली. बाईंनी कुत्रीला पट्टा लावला आणि तिला काहीतरी म्हणाल्या. काय म्हणाल्या ते मला चार वर्षांनी कळलं.

मी लॉनच्या मागे, भांडी घासायच्या नळाजवळ गेलो आणि उरलेली अर्धी वडी खाऊन टाकली. पुरावा नष्ट करायला म्हणून खाल्ली. वाईट याचं वाटलं की ती थंड होती तरी फार चांगली लागली.

बाई मागून आल्या. "वडी खाल्ली का भाऊ?"

"हो. दोन्ही संपवल्या."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. मग, "तुमच्याकडेच का आली हो ती? कुत्र्यांना कळतं माणूस. चांगला माणूस दिसला की त्यांचं भान सुटतं. तुमचा काही दोष नाही."

खरी शिक्षा इथून सुरू झाली. कारण ही गोष्ट बाईंनी सगळ्यांना सांगितली, आणि सगळ्यांना ती पटली. इतकी शिकवलेली कुत्री, दोन उड्यांवर विजय, आणि ती सगळं सोडून एका माणसापुढे जाऊन बसते! सेक्रेटरी मला मिठी मारून म्हणाले, "भाऊ, काय जादू आहे गा तुमच्यात? आमाले काहून नाही सांगितलं?"

कपडे धुताना बायकोनं विचारलं, "खिशाले तेल कायचं जी?"

"मशीनचं."

"कोणत्या मशीनचं?"

मी गप्प. कमी बोलणाऱ्या माणसाचा हा एक फायदा असतो. गप्प बसलं तरी कोणाला नवल वाटत नाही. पुढच्या वर्षीच्या शर्यतीआधी मी तिच्याकडून त्या पॅन्टचे दोन्ही खिसे शिवून घेतले. तिला वाटलं खिसेकापूंची भीती. किल्ल्या मी मोज्यात ठेवायला लागलो. दिवसभर लंगडायचो, तर क्लबात बोलवा उठली की भाऊंचा गुडघा गेलाय पण कुत्र्यांसाठी येतात.

लोक घरी यायला लागले. कोणाचं कुत्रं जेवत नाही, कोणाचं फटाक्यांना भितं, कोणाचं जावयावर भुंकतं. "फक्त डोक्यावर हात ठेवा भाऊ." मला कुत्र्यांची भीती वाटते हे एव्हाना कोणालाही पटत नव्हतं, ते माझ्या नम्रतेत जमा झालं होतं. एका पॉमेरेनियननं माझा अंगठा धरला तो सोडेचना. मालकीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "बघा, सोडून नाही राहिला तुम्हाला!" धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आलो तर बायको म्हणाली, "एवढं प्रेम कोणी आमच्यावर नाही केलं."

तिकडे बाईंनी कुत्रीला शर्यतीला आणणं बंद केलं. आनंद गट आणि बिस्किटाचा पुडा चालू राहिला. त्या कुंपणावरच्या घरांपैकी दोघांनीच पुन्हा तोंड दाखवलं. बाई मात्र क्रूमध्ये मदतीला यायच्या. गुण लिहायला, नवरीच्या खुर्चीत. मी नवव्या उडीवर उभा राहायचो आणि त्यांच्याकडे बघायचं टाळायचो. सकाळी फिरायला त्या अंबाझरीकडे निघाल्या की कधी समोर यायच्या. कुत्री माझ्याजवळ यायची, शिवलेल्या खिशाला नाक लावायची, आणि वर माझ्याकडे बघायची. सगळ्या नागपुरात खरी हकिकत माहीत असलेली तेवढी एकच होती.

यंदा मार्गशीर्षात सेक्रेटरी पुन्हा फाटकात उभे. चेहरा आनंदानं फुललेला. "भाऊ, तुमचा सत्कार ठेवला आहे! शाल, नारळ. ‘श्वानमित्र’. आणि पाच मिनिटं बोलाचं, कुत्र्याचा विश्वास कसा कमवावा म्हणून."

"नको."

"आता नाही म्हणू नका गा. बाईनंच नाव सुचवलं तुमचं."

त्या रविवारी सकाळी मी बाईंच्या घरी गेलो. त्या स्वयंपाकघरात होत्या, परातीत सांभार चिरलेला, कढईत तेल. आता दुसरा कुठला पदार्थ करता आला नसता का त्यांना! कुत्री उठली, नऊ वर्षांची झाली होती, तोंडावर पांढरी, अंगानं सुटलेली. आली आणि खिसा हुंगला.

"बसा भाऊ. वडी घ्या."

"बाई, त्या दिवशी मी म्हटलं होतं की दोन्ही वड्या संपवल्या."

"कुठल्या दिवशी?"

"धाव होती त्या दिवशी. पण धावेच्या वेळी दीडच संपली होती."

गणिताच्या शिक्षिका त्या. दोनातून दीड वजा करायला त्यांना वेळ लागला नाही. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग खिशाकडे, मग कुत्रीकडे. गॅस बंद केला.

"अर्धी कुठे होती?"

मी शिवलेल्या खिशावर हात ठेवला.

त्या बोलल्या त्या माझ्याशी नाही, कुत्रीशी. "तुला मी त्या दिवशी काय म्हटलं होतं? सगळ्यांसमोर माझी मान खाली घातलीस म्हटलं होतं." आणि मग माझ्याकडे वळून, "चार वर्षं हिला वडी दिलेली नाही मी. शिक्षा म्हणून. दर हिवाळ्यात समोर बसायची, पंजा ठेवायची, आणि मी देत नव्हते. तिचा पेपर बरोबर होता, भाऊ. मीच चुकीचा तपासला. तुमच्यामुळे."

"चुकलं माझं."

"ते मला सांगून काय होणार? मी काय परीक्षक आहे?" त्यांनी तयार वड्यांतली एक फुंकून गार केली आणि अख्खी कुत्रीपुढे ठेवली. कुत्रीनं ती खाल्ली. मग त्यांनी ताटली उचलून फळीवर ठेवली, माझ्या हाताला लागणार नाही अशी. "तुम्हाला नाही," त्या म्हणाल्या. "हात वर करायचा तो रिंगणात. जा."

पौषात शर्यत झाली. तेच लॉन, तीच कमान. दुपारी सेक्रेटरींनी मला स्टेजवर चढवलं, खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. बाई नवरीच्या खुर्चीत पेन घेऊन बसल्या होत्या, चार वर्षांनी लॉनवर आणलेली कुत्री पायाशी, आणि माझ्याकडे सरळ बघत होत्या. माइक समोर आला. मी नारळ डाव्या हातात घेतला आणि उजवा हात वर केला.

सेक्रेटरी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हात काहून वर केला गा? पाणी पायजे काय?"

मी माइकमध्ये सांगितलं. फार नाही, चार वाक्यं. खिसा, वडी, कुत्री, आणि मी कान खाजवला ते. पहिलं वाक्य संपलं तेव्हा कोणीतरी हसलं. चौथ्यापर्यंत सगळं लॉन हसत होतं. सेक्रेटरी मात्र हसत नव्हते. ते माझ्या अंगावरच्या शालीकडे बघत होते, काढून घ्यावी का या विचारात. पॉमेरेनियनवाल्या मालकीणबाई मोठ्यानं म्हणाल्या, "म्हणजे आमच्यानं तुम्हाला खरंच चावलं होतं?"

"हो ताई."

परीक्षक स्टेजपाशी आले. ते हसले नव्हते. "चार साल लेट है," ते म्हणाले. "पर हाथ ऊपर किया है. नियम में लिखा है दुबारा मौका मिलेगा. कब तक, ये नहीं लिखा." परीक्षकांनी कुत्रीच्या वयाला शोभेल इतक्या दांड्या खाली करायला सांगितल्या. वेळ तीच, पंचावन्न सेकंद.

मला रिंगणाबाहेर काढलं गेलं. सेक्रेटरींनी स्वतः माझ्या खिशाची शिवण कात्रीनं उसवली आणि दोन्ही खिसे बाहेर उलटे काढले. शाल पांघरलेला, हातात नारळ, दोन्ही बाजूंना खिसे कानांसारखे लोंबतायत, असा मी ‘शुभविवाह’च्या कमानीखाली उभा होतो. घरून बायको आली होती. ती म्हणाली, "मशीनचं तेल!"

बाईंनी पदर खोचला. कुत्री निघाली. हळू निघाली, पण चुकली नाही. काठ्यांमधून पाण्यासारखी नाही, पाणी भरलेल्या बादलीसारखी गेली, पण गेली. सी-सॉवर थांबली. बोगद्यात शिरली, बोगदा जरा हलला, आणि या तोंडातून बाहेर आली. समोर नववी उडी. ती थांबली. मग समोरची उडी सोडून ती चार पावलं चालली, नेमकी त्या जागी, जिथे मी चार वर्षांपूर्वी उभा होतो. तिथे कोणीही नव्हतं. ती ताठ बसली आणि उजवा पंजा गवतावर ठेवला.

परीक्षकांचे हात छातीकडे जाता जाता थांबले. ती कुठल्या अडथळ्याला नाही म्हणाली नव्हती, या वेळी कोणा माणसापाशीही गेली नव्हती, फक्त बसली होती. बाई थांबल्या. त्यांनी हाक मारली नाही. नुसता हात पुढे केला, रिकामा. कुत्रीनं रिकाम्या जागेकडे बघितलं, हाताकडे बघितलं, उठली, नववी उडी मारली, दहावी मारली.

"बिनचूक!" वेळ घेणाऱ्या ताई ओरडल्या. मग घड्याळ बघून त्यांचा आवाज पडला. "एकोणसाठ."

चार सेकंद. कमिटीनं तिथंच उभ्या उभ्या ठरवलं: नियम बदलायचा तर बिनचूक आणि वेळेत, दोन्ही हवं; पण एकच संधी ही अट काढून टाकली. पुढच्या पौषात कोणतंही गावठी कुत्रं पुन्हा प्रयत्न करू शकतं. हे सुचवलं कॉलीवाल्यांनी. मला म्हणाले, "चार वर्षं जागा लक्षात ठेवली तिनं. आमचं कुत्रं गल्ली विसरते."

बाईंनी आता गल्लीतलं एक काळं कुत्रं शिकवायला घेतलंय. रोज सकाळी सहाला मी मैदानावर जातो. बोगद्याच्या तोंडापासून चार पावलांवर उभा राहतो, उजव्या खिशात दोन ताज्या सांभारवड्या घेऊन. काळ्या कुत्र्यानं माझ्याकडे न बघता निघून जायचं, हा धडा. मी त्यातला अडथळा आहे. "भाऊ, हलू नका!" बाई ओरडतात. "भाऊ, चेहरा दीनवाणा करू नका, त्याला दया येते!" दहातून सहा वेळा तो निघून जातो. चार वेळा येऊन बसतो आणि बुटावर पंजा ठेवतो. पंजा ठेवला की मला अजून भीती वाटते. बाई वड्या देताना मोजून देतात आणि परत घेताना मोजून घेतात. मला अजून एकही मिळालेली नाही. म्हाताऱ्या कुत्रीला रोज एक मिळते, काहीही न करता, बाकावर बसून.

शाल मी परत केली. नारळाची बायकोनं चटणी केली, तिचं आता काही करता येत नाही. बाईंच्या गावठी कुत्र्याची एक धाव, बिनचूक आणि पंचावन्न सेकंदांच्या आतली, मी देणं लागतो. ती अजून दिलेली नाही.